ठाण्याच्या दाराशी कोण उभे राहणार?

‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे महाराष्ट्र पोलीस दलाचे ब्रीदवाक्य आहे. सज्जनांचे रक्षण आणि दुर्जनांचे निर्दालन, एवढा मोठा आशय या दोन शब्दांत सामावला आहे. या ब्रीदासाठी आयुष्य वेचणारे पोलीस आपण पाहिले आहेत. गणेशोत्सव आणि दिवाळी रस्त्यावर काढणारा शिपाई आपण दरवर्षी पाहतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हातात केवळ लाठी असताना तुकाराम ओंबळे यांनी जे केले, ते मराठी माणूस कधीही विसरणार नाही. म्हणूनच, ज्या गणवेशाला ओंबळे यांच्या रक्ताने पावित्र्य दिले त्याच गणवेशाच्या आडून एखादा नराधम असहाय स्त्रीवर हात टाकतो, तेव्हा तो केवळ एका स्त्रीचा अपराधी राहत नाही. ‘रक्षण’ या शब्दावरचा समाजाचा विश्वासच तो पायदळी तुडवतो.

हा विषय आपल्या घरांतून सहसा बोलला जात नाही. ‘चांगल्या घरातल्या माणसांनी पोलीस ठाण्याची पायरी चढू नये’ हे वाक्य ऐकतच आपल्या पिढ्या वाढल्या. परंतु ज्यांना ती पायरी चढण्यावाचून गत्यंतर नसते, त्यांचे काय? आणि त्या पायरीपलीकडे काय घडते याकडे चांगल्या घरांनी पाठ फिरवायची, तर तिकडे लक्ष ठेवायचे कोणी?

देसाईगंजची रात्र

या प्रश्नाचा इतिहास आपल्याच विदर्भात सुरू होतो. वैनगंगेकाठचे देसाईगंज, म्हणजे वडसा, आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. तारीख २६ मार्च १९७२. आईवडिलांचे छत्र हरपलेली, भावाच्या आधाराने मोलमजुरी करून जगणारी एक वनवासी मुलगी. ज्या घरी ती कामाला जात असे, त्या घरातील एका तरुणाशी लग्न करण्याचे तिने ठरवले. भावाला ते रुचले नाही. बहिणीला पळवून नेल्याची तक्रार घेऊन तो ठाण्यात गेला. रात्री नऊच्या सुमारास सर्वांना ठाण्यात आणले गेले, जबाब झाले आणि साडेदहाच्या सुमारास बाकीच्यांना बाहेर जाण्यास सांगून मुलीला तेवढे आत थांबवण्यात आले. दार बंद झाले. दिवे मालवले गेले. आत दोन पोलीस होते. एकाने तिच्यावर बलात्कार केला आणि मद्यधुंद असलेल्या दुसऱ्याने तिचा विनयभंग केला, अशी तिची फिर्याद होती.

त्या मुलीचे नाव पुढे त्या खटल्यालाच चिकटले आणि देशभर छापले गेले. येथे ते मुद्दाम घेत नाही. अत्याचारग्रस्त स्त्रीची ओळख उघड करू नये, हा कायदा तिच्याच प्रकरणानंतर झाला. निदान तेवढा मान आपण तिला द्यावा.

पुढचा न्यायालयीन प्रवास प्रत्येक सुशिक्षित मराठी माणसाला ठाऊक असायला हवा. मुलीची वैद्यकीय तपासणी घटनेनंतर सुमारे वीस तासांनी झाली. डॉक्टरांनी तिचे वय चौदा ते सोळाच्या दरम्यान सांगितले. १ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. तिचे वय सोळाच्या आत असल्याचे सिद्ध झाले नाही आणि शरीरसंबंध घडला तरी तो बलात्कार नव्हे, असा निष्कर्ष काढताना न्यायालयाने तिच्या चारित्र्यावर व सत्यवचनीपणावर कठोर ताशेरे ओढले. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. भीतीपोटी निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, हे साधे सत्य नागपूरने उच्चारले आणि एका आरोपीला पाच वर्षांची, तर दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. परंतु सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही मुक्त केले. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, म्हणजे तिने प्रतिकार केला नाही. प्रतिकार केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा तो तर्क!

रात्रीच्या वेळी, सरकारी इमारतीत, बंद दाराआड, गणवेशातील दोन पुरुषांसमोर एका पोरक्या मुलीने कोणता प्रतिकार करावा, अशी देशाच्या सर्वोच्च पीठाची अपेक्षा होती? सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहून नेमका हाच प्रश्न विचारला. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. अखेर १९८३ मध्ये संसदेने कायदा बदलला. पोलीस, तुरुंग कर्मचारी वा अन्य सरकारी नोकराने आपल्या ताब्यातील स्त्रीवर केलेला बलात्कार हा स्वतंत्र व अधिक गंभीर गुन्हा ठरला. त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा आली. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, हा नियम आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आणि भारतीय साक्ष अधिनियमातही या तरतुदी कायम आहेत. देसाईगंजच्या मुलीला न्याय मिळाला नाही. तिच्यामुळे पुढच्यांना कायदा मिळाला.

अटकही नाही, नोंदही नाही

कायदा झाला, तरी प्रश्न सुटला का? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०१७ ते २०२२ या सहा वर्षांत देशात ताब्यातील स्त्रियांवरील बलात्काराचे २७५ गुन्हे नोंदले गेले. त्यात पोलिसांबरोबरच तुरुंग, रुग्णालये, आश्रयगृहे यांतील प्रकरणेही येतात. पण हे फक्त नोंदलेले गुन्हे! ज्या ठाण्यात अत्याचार झाला त्याच ठाण्यात तक्रार द्यायला किती जणींचे पाय वळतील, याचा विचार सुज्ञ वाचकांनीच करावा.

या प्रकरणातील एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. देसाईगंजची मुलगी आरोपी नव्हती. तिला अटक झालेली नव्हती. तिला फक्त ‘थांबवून’ घेतले होते. अटक झालेल्या माणसाभोवती कायद्याने बऱ्यापैकी कुंपण घातले आहे. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. १९९६ च्या डी. के. बसू प्रकरणातील निकालापासून अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना कळवणे, वैद्यकीय तपासणी हे सारे बंधनकारक आहे. मात्र ज्याला किंवा जिला नुसते ‘बसवून ठेवले’ आहे, त्या व्यक्तीचे काय? तिची अटक नाही, म्हणून नोंद नाही. नोंद नाही, म्हणून पुढे विचारणाराही नाही. कागदावर नसलेली कोठडी हीच सर्वांत भयंकर कोठडी होय.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. उमेदवारीच्या काळात, नव्वदच्या दशकात, एका तालुक्याच्या गावी रात्रीची बातमी घ्यायला ठाण्यात गेलो होतो. ओसरीवरच्या बाकावर पदर डोक्यावरून ओढून एक मजूर बाई बसली होती. ‘ही कोण?’ असे विचारताच ठाणे अंमलदार म्हणाले, ‘काही नाही हो, नवऱ्यावर चोरीचा संशय आहे. तो हजर होईपर्यंत हिला बसवलंय.’ महिला शिपाई कोठे आहे, तर ती संध्याकाळीच घरी गेली. डायरीत नोंद आहे का, तर अटकच नाही तर नोंद कशाची! उत्तर देणाऱ्याच्या सुरात कोणताही दुष्टपणा नव्हता. ते नित्याचेच होते. मी चहा घेतला, अपघाताच्या बातमीचा तपशील उतरवून घेतला आणि छपाईची वेळ गाठण्यासाठी निघालो. निघताना त्या बाईने एकदाच मान वर करून पाहिले. मी थांबलो नाही. त्या रात्री तिचे काय झाले, हे मला आजतागायत ठाऊक नाही. काही झाले नसेलही. पण माझ्या मनातला तो बाक रिकामा होत नाही.

राजधर्माचा दाखला

सत्तेच्या माणसाने स्त्रीवर हात टाकला, तर राज्याने काय करावे याचा दाखला आपल्याला परदेशातून आणण्याची आवश्यकता नाही. रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी ‘बदअमल’ केल्याचे चौकशीत सिद्ध झाल्यावर शिवरायांनी त्याची पाटीलकी काढून घेतली आणि त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा दिली. इ.स. १६४६ मधील ते पत्र उपलब्ध आहे. त्या काळची शिक्षा आज कोणी मागणार नाही, मागूही नये. परंतु त्या निर्णयातील दोन गोष्टी आजही जशाच्या तशा लागू पडतात. पाटील म्हणजे गावपातळीवरची सत्ता. ती आपली माणसे म्हणून महाराजांनी पांघरूण घातले नाही. दुसरे असे की, आधी चौकशी झाली आणि मग निर्णय झाला.

आज काय घडते? प्रकरण चव्हाट्यावर आले की प्रथम बदली, मग निलंबन, मग खात्यांतर्गत चौकशी. आणि लोकांचा क्षोभ ओसरला की पुन्हा नेमणूक. वस्तुतः २०१३ च्या दुरुस्तीनंतर लैंगिक गुन्ह्यात सरकारी नोकरावर खटला भरण्यासाठी शासनाची पूर्वपरवानगी लागत नाही. कोठडीतील बलात्काराची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करावी, ही तरतूद २००६ पासून अमलात आहे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचा व चित्रण जतन करण्याचा आदेश दिला. कॅमेरे नसल्याबद्दल वा बंद असल्याबद्दल २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली! चोराच्या घरी नव्हे, तर चोर पकडणाऱ्याच्या घरी कॅमेरा नेमका बंद पडावा, हा कोणता योगायोग म्हणायचा?

आणखी एक उणीव सांगितलीच पाहिजे. कोठडीतील लैंगिक छळ केवळ स्त्रियांचा होत नाही. पुरुषांना विवस्त्र करून, गुप्तांगांना इजा करून ‘कबुली’ मिळवण्याची रीत नवी नाही. अठरा वर्षांखालील मुलगा असेल तर त्याला पॉक्सो कायद्याचे संरक्षण आहे. पण जुने ३७७ कलम गेल्यानंतर प्रौढ पुरुषावरील अशा बलात्कारासाठी नव्या संहितेत स्वतंत्र कलम उरलेले नाही. वसाहतकालीन कायद्यांचे जोखड आपण फेकले, हे योग्यच झाले. पण ही फट बुजवणे हेही आपलेच काम आहे.

आपण काय करू शकतो?

देसाईगंजच्या त्या रात्री मुलीला वाचवू शकेल असे आत कोणी नव्हते. पण बाहेर माणसे होती. दार बंद झालेले, दिवे गेलेले पाहून तिच्या सोबतच्या बाईला संशय आला आणि तिने हाका मारल्या. मुलगी बाहेर येताच घडलेला प्रकार समजला. गावातल्या डॉक्टरांनी तक्रार देण्याचा सल्ला दिला. ठाण्यासमोर जमाव जमला, ठाणे पेटवण्याची भाषा होऊ लागली, तेव्हा कोठे घरी गेलेल्या हवालदाराला बोलावून फिर्याद लिहून घेतली गेली. पेटवण्याची भाषा चुकीचीच होती; पण ती माणसे तेथे उभीच राहिली नसती, तर त्या रात्रीची आज कोठेही नोंद नसती.

आपल्या कार्यकर्त्यांनी आणि कुटुंबांनी एवढे तरी लक्षात ठेवावे. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल, तर कोणत्याही स्त्रीला ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी तिच्या घरी जाऊन जबाब घ्यायचा असतो. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही आणि अपवाद करायचा तर महिला अधिकारी व दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठडी, महिला शिपायांचा पहारा आणि त्यांच्या उपस्थितीतच चौकशी, असे निर्देश दिले. ठाण्याने तक्रार घेतली नाही, तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. हे ज्ञान वकिलांपुरते ठेवण्यासारखे नाही. वस्तीवस्तीत, महिला मंडळांत, बचत गटांत ते पोहोचले पाहिजे.

आणि या ज्ञानापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे सोबत. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला रात्री ठाण्यातून बोलावणे आले, तर ‘नसत्या भानगडीत कशाला पडा’ असे म्हणून आपण दार लावून घेणार, की चप्पल पायात घालून तिच्याबरोबर निघणार? ‘तिचे वागणेच तसे असेल’ हे वाक्य ओठांवर येताच आपण थांबावे. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये तेच म्हटले होते. त्या मुलीचे चारित्र्य तपासायला सारे होते; दार बंद करणाऱ्याचे चारित्र्य मात्र कोणी तपासले नाही.

प्रामाणिक पोलिसाला अशा सोबतीची भीती वाटण्याचे कारण नाही. उलट, त्याच्या गणवेशाला लागलेला डाग पुसण्यात त्याला हातभारच लागेल. ठाण्याच्या बाकावर कोणीतरी एकटीच बसली आहे, हे दिसले तर पुढे जावे, नाव विचारावे, नोंद झाली आहे का ते विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत तेथून हलू नये. मी त्या रात्री हललो. आपण हलू नका.