भोगीची भाजी एकच दिवस का?

संक्रांत जवळ आली की अंबरनाथ पूर्वेला स्टेशनबाहेर भोगीच्या भाज्यांचे वाटे मांडले जातात. वांगी, गाजर, वालपापडी, पावटा, हरभऱ्याचे घाटे, सोबत चार बोरे आणि उसाचे कांडे. संध्याकाळच्या लोकलमधून उतरलेल्या बायका घाईघाईने एकेक वाटा पिशवीत टाकतात. दुसऱ्या दिवशी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर ही भाजी होते, आणि सण सरला की पुन्हा बटाट्याच्या काचऱ्या. माझे म्हणणे असे, की डिसेंबर ते फेब्रुवारी ही भाजी आठवड्यातून दोनदा तरी व्हावी.

तिची बांधणीच पाहा ना. शेंगांच्या दाण्यांतून प्रथिने, बाजरीतून लोह, तिळातून कॅल्शियम. गाजरातले कॅरोटिन अंगी लागायला जेवणात थोडा स्निग्धांश लागतो, तो तीळ-दाण्याच्या कुटातून आपोआप येतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला फळे-भाज्या मिळून निदान 400 ग्रॅम खा म्हणते, आणि त्यात बटाटा धरत नाही!

वेळेचे काय, हा प्रश्न रास्त आहे. रात्री आठला घरी पोचणारी बाई पावटे कधी सोलणार? तिने एकटीने सोलावेत असे मुळीच नाही. टीव्हीसमोर बसलेल्या मंडळींच्या पुढ्यात शेंगांची परात ठेवावी. त्यांचे हात रिकामेच असतात.

मुळा घेताना ‘पाला काढून टाका’ असे सांगणारे गिऱ्हाईक दिसले की जीव हळहळतो. क जीवनसत्त्व, कॅल्शियम, लोह हे सारे मुळ्यापेक्षा पाल्यात अधिक. मुगाची डाळ आणि लसणाची फोडणी घालून पाल्याची भाजी करा, मुलेही खातात.

आता जरा अप्रिय गोष्ट. शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या आपल्या वालधुनीत कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी मिसळते, हे सर्वांना ठाऊक आहे. अशा सांडपाण्यावर, रुळांच्या कडेला वाढलेला पालक दिसतो मोठा लुसलुशीत. धुऊन, शिजवून जंतू मरतात, पण मुळांवाटे शोषलेले जड धातू भाजीतच राहतात. तेव्हा जुडी कुठली, हे विचारायला संकोचू नये. भातकापणीनंतर जमिनीतल्या ओलीवर वाल घेणारी शेते आपल्या जिल्ह्यात अजून आहेत. तिकडून शेंगा घेऊन आलेली बाई गावाचे नाव आनंदाने सांगते. दोन रुपये जास्त गेले तरी मी तिच्याकडूनच घेते.

एक सूचना मात्र पाळावी. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नये, रोजचे प्रमाण सारखे ठेवावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी कोणती भाजी किती घ्यावी, हे आधी डॉक्टरांना विचारावे.