‘इन’चा माज

इंग्रजीतल्या ‘इन’ या टीचभर शब्दाला जगातल्या प्रत्येक भाषेत नेमका एकच जोडीदार असतो, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी अनुवादाच्या धंद्यात पडू नये. दुर्दैवाने धंदा त्यांच्याच हातात आहे.

मी पुण्यात बसून इंग्रजीतून स्लोव्हाक भाषेत होणाऱ्या कामावर देखरेख करते. अनुवाद मी करत नाही. तो ब्रातिस्लावा, झिलिना, कोशित्से इथली माणसं करतात. त्यांची ती मायबोली आहे. मी ती भाषा शिकले ते त्यांचं म्हणणं कळावं म्हणून. आता मला पगार मिळतो तो मुख्यतः त्यांच्या वतीने भांडण्याचा, असं म्हटलं तरी चालेल. आणि भांडण फिरून फिरून एकाच जागी येतं: आत. आतला, आतून, आत ठेवलेलं, आत कोंडलेलं.

क्लायंट कामासोबत ग्लॉसरी पाठवतो. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे स्लोव्हाक, आणि मध्ये कुलूप. कुलूप म्हणजे दुसरा शब्द टाइप केला की तपासणीचं सॉफ्टवेअर लाल होतं आणि अनुवादकाच्या नावावर चूक लागते. ही यादी कोणी केली, कधी केली, स्लोव्हाक येणाऱ्या माणसाने ती एकदा तरी पाहिली का, हे विचारायचं नसतं.

एका वाहनाच्या पुस्तिकेसाठी आलेल्या अशा यादीत ‘इंटीरिअर’समोर ‘व्नूत्रो’ हा शब्द बसवला होता. व्नूत्रो म्हणजे आतली बाजू, हे शब्दकोशापुरतं खरं. पण स्लोव्हाक माणसाच्या कानावर हा शब्द येतो तो कुणी आपल्या अंतःकरणाबद्दल बोलत असेल तेव्हा, नाहीतर गृहमंत्रालयाचा विषय निघतो तेव्हा. तिथलं गृहखातं म्हणजे ‘मिनिस्तेर्स्त्वो व्नूत्रा’. गाडीच्या आतल्या भागाला मेकॅनिकपासून विक्रेत्यापर्यंत सगळे ‘इंतेरिएर’ म्हणतात. साधा, रुळलेला शब्द. जेमतेम चोपन्न लाख वस्तीच्या या देशात वर्षाला दहा लाखांच्या आसपास गाड्या तयार होतात, माणशी हिशोब केला तर जगात सर्वाधिक. ब्रातिस्लावात फोक्सवॅगन, झिलिनाजवळ किया, आणि नित्रात २०१८ पासून आपल्या टाटांच्या मालकीची जॅग्वार लँड रोव्हर. (माझी कथा यांतल्या कुणाचीच नाही, हेही सांगून टाकते.) अशा देशाला गाडीच्या आतल्या भागाचं नाव आपण कळवायचं! ‘इंटीरिअर ओल्या फडक्याने पुसावे’ या सूचनेचा अर्थ मग असा झाला की गाडीमालकाने आपलं अंतःकरण ओल्या फडक्याने पुसावं. सल्ला वाईट नाही, पण सर्व्हिसिंगच्या पानावर तो कुणी मागितला नव्हता.

त्याच क्लायंटच्या सायकलींच्या पुस्तिकेत नेमकं उलटं घडलं. टायरच्या आतल्या ट्यूबला स्लोव्हाकमध्ये ‘दुशा’ म्हणतात. दुशा म्हणजे आत्मा. तिथल्या शाळकरी पोरालासुद्धा यात काही नवल वाटत नाही. आत्मा पंक्चर झाला की तो बदलतात. पण यादीत ‘इनर’ म्हणजे ‘व्नूतोर्नी’ आणि ‘ट्यूब’ म्हणजे ‘रूर्का’, दोन्हींना कुलूप. अनुवादिकेने दुशा लिहिलं, सॉफ्टवेअरने दोन चुका धरल्या, आणि छापायला ‘आतली नळी’ गेली. ज्या वस्तूला आत्मा नव्हता तिला अंतःकरण दिलं, आणि जिला भाषेने आपणहून आत्मा दिला होता तिचा काढून घेतला. मी सविस्तर मेल लिहिला. उत्तर एका शब्दाचं आलं: कन्सिस्टन्सी.

या कन्सिस्टन्सीपुढे व्याकरणाचीही डाळ शिजत नाही. ‘बॉक्समध्ये आहे’ आणि ‘बॉक्समध्ये ठेव’, दोन्हींना इंग्रजीत ‘इन’ चालतं. मराठीतही ‘डब्यात आहे’ आणि ‘डब्यात ठेव’. या बाबतीत आपण इंग्रजीच्याच पंगतीला बसतो. स्लोव्हाक तसं चालवून घेत नाही. वस्तू आत असेल तर ‘व’ आणि एक विभक्ती, आत जात असेल तर ‘दो’ आणि दुसरी विभक्ती, बाहेर येत असेल तर तिसरंच अव्यय. क्रियाविशेषणांचंही तेच: आत असणारा ‘व्नूत्री’, आत जाणारा ‘दोव्नूत्रा’. शिवाय बोलण्यातला सुटसुटीत ‘द्नु’ आहेच, तो दोन्हीकडे चालतो. आणि आमच्याकडे काय येतं? एक स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा सुटा तुकडा, आणि तिच्यात फक्त ‘इनसाइड’. ना वाक्य, ना चित्र. हे बटण आहे, की दारावरची खूण, की मांजर घरात आली असं सांगणारा फोनवरचा संदेश? विचारलं तर ‘संदर्भ उपलब्ध नाही’. ज्याने उत्पादन बनवलं त्याच्याकडेच संदर्भ उपलब्ध नाही! हजेरीच्या यंत्रावरचे ‘इन’ आणि ‘आउट’ तर स्लोव्हाकमध्ये आत-बाहेर नसतातच. तिथे ‘प्रीखोद’ आणि ‘ओद्खोद’ लिहितात, आगमन आणि प्रस्थान. दुकानात ‘इन स्टॉक’ असलेला माल स्लोव्हाकमध्ये गोदामावर असतो, गोदामात नाही. व्हरांड्यात उभा असलेला माणूस व्हरांड्यावर असतो, अंगणातली कोंबडी अंगणावर.

खरा कहर शहरांच्या नावांत होतो. कुठल्याशा प्रोग्रामरने ‘इन’ लिहून पुढे महिरपी कंस टाकलेला असतो. कंसात शहराचं नाव आपोआप येऊन बसणार. इंग्रजीला काही फरक पडत नाही, लंडन कुठेही लंडनच. स्लोव्हाकमध्ये ब्रातिस्लावाचं ‘व ब्रातिस्लावे’ होतं. कोशित्से हे नावच अनेकवचनी, त्यामुळे त्याचं ‘व कोशित्सियाख’. झ्वोलेनच्या आधी ‘व’ उच्चारता येत नाही म्हणून ‘वो झ्वोलेने’. देशांत गेलात तर बहुतेक ठिकाणी ‘व’च राहतो, पण काही ठिकाणी ‘ना’ येतो: भारतात ‘व इंदियी’, चेक प्रजासत्ताकात ‘व चेस्कू’, आणि स्वतःच्या देशात मात्र ‘ना स्लोव्हेन्स्कू’. कंसाला यातलं काहीच ठाऊक नसतं. तो शहराचं नाव जसंच्या तसं आणून आपटतो, आणि स्लोव्हाक वापरकर्त्याला फोनवर जे वाचावं लागतं त्याची जात मराठी वाचकाला अचूक ओळखू येईल: ‘पुणे मध्ये आपले स्वागत आहे.’ ‘ठाणे मध्ये आजचे हवामान.’ पुण्यात, ठाण्यात, साताऱ्यात, कोकणात असं तीन वर्षांचं पोर बिनचूक बोलतं, आणि अब्जावधींची कंपनी बोलू शकत नाही.

यातून वाट काढायला अनुवादकांनी एक केविलवाणी युक्ती शोधली आहे: अपूर्णविराम. ‘शहर: कोशित्से.’ ‘ठिकाण: पुणे.’ वाक्यच करायचं नाही म्हणजे विभक्ती लागत नाही. आणि याला क्लायंटच्या बैठकीत ‘क्लीन सोल्यूशन’ म्हणून दाद मिळते. तंत्रज्ञानाची अडचण आहे असं कुणी सांगू नये. मोझिलाने ‘फ्लुएंट’ नावाची पद्धत तयार केली, तिची पहिली पक्की आवृत्ती २०१९ मध्ये आली. एकाच नावाची वेगवेगळ्या विभक्तींतली रूपं तिच्यात साठवता येतात, आणि ती फुकट आहे. फक्त ती वापरायची तर कुणीतरी बसून रूपं भरावी लागतात. घोडं अडतं ते इथे.

आत कोंडून ठेवणं सांगणाऱ्या ‘कंटेनमेंट’ या शब्दाची तर चाळीस ठिकाणी चाळीस सोंगं. आग आटोक्यात आली की स्लोव्हाक अग्निशमन दल ती ‘लोकालिझोवानी’ झाली म्हणतं. विझवण्याच्या आधीची ती अधिकृत पायरी आहे. गंमत म्हणजे आमच्या धंद्यालाही तिथे ‘लोकालिझात्सिया’च म्हणतात, आणि आमच्याकडची आग काही आटोक्यात येत नाही. मशीनने भाषांतर केलेल्या एका बातमीच्या मसुद्यात मी ‘आग समाविष्ट करण्यात आली’ अशा अर्थाचं वाक्य खोडलं आहे. रसायनांच्या पिंपाखाली सांडलवण धरायला ठेवतात ती ‘झाखित्ना वान्या’, धरून ठेवणारी परात. तिचंच भावंड ‘झाखित्का’ म्हणजे दारुड्याला नशा उतरेपर्यंत ठेवायची खोली. शब्दसूचीच्या भरवशावर काम सोडलं तर अॅसिड कुठे जाऊन पडेल याची हमी मी देणार नाही.

आणि हे विनोदावरही संपत नाही. स्लोव्हाकियातल्या मोखोव्त्सेच्या अणुप्रकल्पावरून ऑस्ट्रियात वर्षानुवर्षं ओरड चालू आहे की तिथल्या अणुभट्ट्यांना कंटेनमेंट नाही. तिथल्या व्हीव्हीईआर-४४० जातीच्या अणुभट्टीवर पाश्चात्त्य धाटणीचा जाड काँक्रीटचा घुमट नाही, हे खरं. तिथे हवाबंद कक्षांची मालिका आहे आणि तिला जोडलेला एक मनोरा. नळी फुटली तर सुटलेली वाफ त्या मनोऱ्यातल्या पाण्याच्या ताटांमधून जाते, थंड होते, दाब उतरतो. स्लोव्हाक अभियंते त्या बंदिस्त भागाला ‘हेर्मेतित्स्का झोना’ म्हणतात, आणि घुमट आला की ‘ओख्रान्ना ओबाल्का’, संरक्षक कवच. आता इंग्रजी अहवालात ‘कंटेनमेंट’ आलं की अनुवादकाने काय लिहायचं? कवच लिहिलं तर आहे त्या व्यवस्थेचा पत्ताच लागत नाही, झोना लिहिलं तर आक्षेपाची धार जाते, आणि ‘कोंतायन्मेंत’ असं उचलून ठेवलं तर वाचणारा आपल्या मताप्रमाणे घुमट पाहणार नाहीतर पाहणार नाही. इथे निवड माणसानेच करायची असते, प्रत्येक वाक्याला नव्याने, जबाबदारी घेऊन. कुलूप लावणाऱ्याला ही जबाबदारी नको असते. त्याला फक्त हिरवा टिक हवा असतो.

स्लोव्हाकियात राज्यभाषेचा कायदा आहे, १९९५ चा. २००९ च्या दुरुस्तीने त्यात शंभर ते पाच हजार युरोपर्यंत दंडाची तरतूद आली. हंगेरियन अल्पसंख्याकांना त्याचा जाच वाटला आणि बराच गदारोळ झाला. मला त्या दंडाचं कौतुक नाही. भाषा दंडुक्याने जगत नाही. पण इतका कडक कायदा असलेल्या देशात रोज लाखो फोन अशुद्ध विभक्तीत बोलतात आणि कुणाचं काही बिघडत नाही, याची गंमत वाटते. दरडावायला शेजारचा हंगेरियन सापडतो, कॅलिफोर्नियातला कंस सापडत नाही.

राहता राहिला पैशाचा विषय. ‘स्लोव्हाक म्हणजे चेकच ना?’ हा प्रश्न प्रत्येक नवा क्लायंट विचारतो, आणि चेकची जुनी फाईल जोडून दरात सूट मागतो. दोन्ही लोकांना एकमेकांचं समजतं, १९९२ पर्यंत देशही एक होता, सगळं मान्य. एका ओलावा शोषणाऱ्या यंत्राच्या पुस्तिकेत ‘तळघरात ठेवण्यास योग्य’ असं होतं. स्लोव्हाक अनुवादकाने तळघरासाठी ‘पिव्नित्सा’ लिहिलं. तोच बरोबर शब्द आहे. फाईल तपासायला बसवला होता क्लायंटचा प्रागमधला माणूस. चेकमध्ये ‘पिव्नित्से’ म्हणजे बिअर पिण्याचा अड्डा. त्याने शेरा मारला: आमचं यंत्र गुत्त्यात ठेवायला का सांगताय? चूक अनुवादकाच्या नावावर लागली, बिल कापलं गेलं.

त्याच क्लायंटने पुढच्या महिन्यात मराठीचं काम पाठवलं, सोबत हिंदीची फाईल जोडून. लिपी तीच आहे, तेव्हा फार बदल करावे लागणार नाहीत ना, असं विचारलं होतं. मी दुप्पट दराचं कोटेशन पाठवलं.