गोंदणाची सुई आणि पाळण्यातील बाळ

उज्जैनशी आपला संबंध जुना आहे. अठराव्या शतकात महाकालेश्वर मंदिराची पुनर्उभारणी केली ती राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी. २०२८ मध्ये तेथे सिंहस्थ भरेल, तेव्हा आपल्याकडील भाविकही क्षिप्रेच्या घाटावर जातील. मेळ्यात हातावर देवाचे नाव गोंदवून घेण्याची हौस अनेकांना असते. ती सुई आधी कोणाला टोचली होती, हे सहसा कोणी विचारत नाही. हिपॅटायटिस-सी या यकृतरोगाचा विषाणू अशाच दूषित सुयांतून रक्तात शिरतो, आणि पुढे बाधित स्त्री माता झाली की तिच्या बाळापर्यंत पोहोचू शकतो.

यात अतिशयोक्ती नको. बाधित मातांच्या शंभर बाळांपैकी साधारण पाच-सहा बाळांनाच लागण होते. मातेला एचआयव्हीचीही बाधा असल्यास प्रमाण वाढते. स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत नसेल, तर अंगावरचे दूध तोडण्याचे कारण नाही. तरीही सुनेला दोष देऊन बाळ तिच्यापासून दूर ठेवले जात असेल, तर तो अज्ञानातून घडणारा अन्याय होय.

खरी अडचण निराळीच आहे. हिपॅटायटिस-बीवर बाळाला जन्मताच लस टोचता येते; सी प्रकारावर लसच नाही. औषध मात्र आहे. बहुधा बारा आठवडे गोळ्या घेतल्या की शंभरातील नव्वदाहून अधिक रुग्ण बरे होतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हा उपचार विनामूल्य मिळतो. परंतु गरोदरपणी या गोळ्या सहसा देत नाहीत. तेव्हा उपचाराची योग्य वेळ गर्भधारणेपूर्वीची. आणि रोग वर्षानुवर्षे मुका राहत असल्याने रक्त तपासल्यावाचून ती वेळ साधत नाही.

म्हणून गोंदवून घेतलेल्या, रक्त चढविलेल्या वा वारंवार इंजेक्शने घेतलेल्या स्त्रीची तपासणी गर्भधारणेपूर्वीच व्हावी, असे आम्हांस वाटते. बाधित मातेच्या बाळाकडेही प्रसूतीनंतर दुर्लक्ष होता कामा नये. मातेची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे प्रतिपिंडांची चाचणी त्यानंतरच करावी. लागण ठरली तरी तीन वर्षांपुढील बालकांना औषध देता येते.

सिंहस्थासाठी रस्ते होतील, घाट सजतील. गोंदणाऱ्याच्या हाती प्रत्येक माणसामागे नवी सुई असावी, ही बाबही त्या तयारीत धरली जावी. खर्च अल्प आहे. न जन्मलेल्या बाळांचे हित मोठे आहे.