स्प्रिंगचा घुमारा

वेरूळचे दहावे लेणे पाहून आलेला माणूस त्याच्या छताविषयी हमखास बोलतो. कमानदार छताला दगडाच्याच बरगड्या कोरलेल्या आहेत. लाकडी वाशांची ही नक्कल पाहूनच लोकांनी त्याला ‘सुताराची झोपडी’ म्हटले. कार्ल्याच्या चैत्यात लाकडी कमानी आजही आहेत. वेरूळला, सातव्या शतकाच्या सुमारास, लाकूड गेले आणि त्याचा आकार तेवढा उरला. दगडाच्या छताला या बरगड्यांची काहीच गरज नव्हती.

सर्फ गिटारसाठी रिव्हर्बचे पेडल शोधणाऱ्या, आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या तरुण वादकांना मी हे उदाहरण देतो आणि ते वैतागतात. त्यांना किंमत विचारायची असते.

पण प्रश्न नकलेचाच आहे. लॉरेन्स हॅमंडच्या ऑर्गनमध्ये स्प्रिंग आली ती भव्य वास्तूतला घुमारा घरच्या खोलीत आणण्यासाठी. १९६१ मध्ये फेंडर कंपनीने ती युक्ती स्वतंत्र पेटीत घालून गिटारवादकांना दिली. गिटारचा संकेत स्प्रिंगच्या एका टोकाला पीळ देतो, कंप दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा विजेचे रूप घेतो आणि उरलेला मागे-पुढे फिरत राहतो. वेगवेगळ्या कंपनसंख्यांना या प्रवासाला वेगवेगळा वेळ लागतो. म्हणून तार तळहाताने दाबून छेडली की पाणी ठिबकल्यासारखा आवाज निघतो. असा आवाज कोणत्याही सभागृहात येत नाही. तो नकलेतला दोष होता. डिक डेलच्या १९६१ च्या ‘लेट्स गो ट्रिपिन’मध्ये हा घुमारा नाही; पण पुढे कॅलिफोर्नियातल्या वादकांनी नेमका हा दोष आपलासा केला आणि श्रोत्यांना त्यात समुद्र ऐकू येऊ लागला.

आजचे डिजिटल पेडल या दोषाची नक्कल करते. नक्कल म्हणून मी त्याला हिणवणार नाही. वेरूळच्या बरगड्यांना कोण हिणवतो? मात्र ‘हॉल’ या खुणेवर बटण ठेवून सर्फ वाजवणे म्हणजे मूळ संहिता सोडून तिच्या सारांशाचे भाषांतर करणे होय. फेंडरच्या पेटीवर तीन बटणे होती: ड्वेल, मिक्सर आणि टोन. स्प्रिंगला किती जोराने हलवायचे हे ड्वेल ठरवते, आणि ठिबकणे बरेचसे तिथेच जन्मते. ज्या पेडलवर केवळ मिश्रणाचे एकच बटण आहे, ते कितीही स्वस्त मिळाले तरी या कामाला घेऊ नये.

पैसे असतील तर खरी स्प्रिंग घ्यावी. सर्फीबेअरसारख्या यंत्रात व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आहेत, स्प्रिंग मात्र खरी आहे. काय सोडावे आणि काय राखावे याचा हा विवेक मला पटतो. खऱ्या पेटीला धक्का लागला की ढगफुटीसारखा गडगडाट होतो, आणि काही वादक तो मुद्दाम करतात. लहान पेडलमध्ये कोंबलेल्या आखूड स्प्रिंगा मात्र ऐकल्याशिवाय घेऊ नयेत.

जुन्या अमेरिकन पेटीचा मोह झालाच, तर ती ११७ व्होल्टची असते. आपल्या २३० व्होल्टला ती थेट जोडू नये, मध्ये ट्रान्सफॉर्मर लावावा. आणि तो स्प्रिंगपासून दूर ठेवावा, नाहीतर सुरांआधी त्याची गुणगुणच ऐकू येईल.