मागच्या आसाचे झाकण

बल्लारपूर, राजुरा, गोंडपिपरी या भागांत शेतावर जीप अथवा मालवाहू पिकअप उभी दिसली, तर तिच्या मागील चाकांमधील जमिनीकडे जरूर पाहावे. पुष्कळदा तेथे तेलाचा काळा डाग आढळतो. मालकास विचारले असता उत्तर ठरलेले असते : थोडे झिरपते, वरून घालतो. या उत्तराशी आमचा स्पष्ट मतभेद आहे.

मागच्या आसाच्या मधोमध जो फुगीर भाग असतो, त्यात क्राऊन व पिनियन ही दातेरी चक्रे तेलात फिरतात. मोठे चक्र तेल उचलून बेअरिंगांवर उडविते. पातळी उतरली की हे उडविणे कमी होते, पिनियनची बेअरिंगे तापतात आणि घरघर ऐकू येऊ लागते. क्राऊन व पिनियन जोडीनेच बदलावी लागतात; एकाचे दात गेले तरी दुसरे फुकट जाते. हा खर्च रोवणीच्या ऐन दिवसांत आला म्हणजे भाड्याची गाडी शोधण्यात हंगामाचे मोलाचे दिवस जातात. झाकणाचे पॅकिंग मात्र त्यामानाने नगण्य किमतीचे असते.

तेल कोठून येते हे प्रथम ठरवावे. आस पुसून कोरडा करावा, गाडी चालवून रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी पाहावे. झाकणाच्या खालच्या कडेस ओल असेल तर दोष झाकणाचा; पुढे शाफ्टच्या जोडाशी असेल तर पिनियनच्या सीलचा. चाकाच्या आतील अंगास तेल दिसल्यास मात्र एक दिवसही थांबू नये, कारण ते तेल ब्रेकच्या अस्तरावर जाते आणि धानाची पोती वा माणसे भरलेली गाडी उतारावर आवरत नाही.

आमच्या मते मिस्त्री ज्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात तो भाग म्हणजे ब्रीदर, अर्थात आसावरील हवेचे लहानसे छिद्र. ते चिखलाने बुजले की आत तापलेली हवा कोंडते व झाकणातून, सीलमधून तेल बाहेर ढकलते. उलट तापलेला आस नाल्याच्या पाण्यात उतरला की आतील हवा आकसते आणि सैल जोडातून पाणी आत ओढले जाते. जुलै २०२२ मध्ये वर्धेच्या पुराने बल्लारपूर-राजुरा मार्ग बंद झाला होता. अशा पाण्यातून गेलेल्या गाडीचे तेल दुधाळ दिसू लागले, तर ते त्याच आठवड्यात बदलावे. ब्रीदर मोकळा न करता नवे पॅकिंग बसविणे हा निव्वळ पैशाचा अपव्यय होय.

झाकण काढण्यापूर्वी तेल भरण्याचा बूच सुटतो की नाही हे पाहावे. तो गंजून बसला असेल आणि तेल आधीच काढून टाकले, तर गाडी जागीच खिळते. जुने पॅकिंग बोथट पट्टीने खरवडावे, पेचकसाने नव्हे, कारण एक ओरखडासुद्धा तेलास वाट देतो. पत्र्याचे झाकण बोल्टांच्या छिद्रांपाशी बहुधा आत दबलेले असते. ते सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सरळ करावे. दोन्ही कडा पेट्रोलने नव्हे, तर ब्रेक धुण्याच्या द्रवाने पुसून पूर्ण वाळू द्याव्या.

पॅकिंग की सिलिकॉन, हा वाद मिस्त्रींच्या दुकानांत नेहमीचाच. पूर्वी कागदी पॅकिंगला शेलॅक लावीत. हा शेलॅक पळस व कुसुम यांच्यावरील लाखेपासूनच होतो, हे आपल्या जंगलपट्टीतील वाचकांस सांगावयास नकोच. आज तेल सहन करणारे सिलिकॉन चांगले काम देते. परंतु आंबट वास येणारे, न्हाणीघरासाठी विकले जाणारे सिलिकॉन येथे वापरू नये. छिद्रांच्या आतील बाजूने तीन-चार मिलिमीटरची अखंड धार द्यावी व प्रत्येक छिद्रास वळसा घालावा. जास्त लावले तर ते आत पिळून तुटते व तेलात फिरते. बोल्ट प्रथम हातानेच बसवावे, तासाभराने समोरासमोरचे आळीपाळीने आवळावे, आणि तेल दुसऱ्या दिवशी भरावे. तेल निर्मात्याने सांगितलेल्या जातीचे असावे. पातळी बुचाच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत पुरे.

ट्रॅक्टरची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यास बहुधा असे स्वतंत्र झाकण नसते, व पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरपेटी, डिफरेन्शियल व हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते. तेथे चिखलणीनंतर आसाच्या टोकाची सीले पाहावीत.

हे काम दोन दिवसांचे आहे, म्हणून ते मृगापूर्वीच व्हावे. भाड्याने अवजारे व गाड्या देणाऱ्या गटांनी प्रत्येक वाहनाची तेलपातळी व ब्रीदर तपासल्याची तारीख वहीत लिहावी, आणि ती वही ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मे महिन्यातच मागून पाहावी. काढलेले तेल बांधीच्या धुऱ्यावर ओतू न देता डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्यास देण्याची जबाबदारीही त्याच गटावर टाकावी.