अलिबागचा एक दिवस, ज्येष्ठांच्या चालीने

मुंबईहून अलिबागला जायचे, तर ज्येष्ठांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट सोयीची. मोटार बोटीतच चढते. साधारण तासाभरात पलीकडचा किनारा येतो आणि पुढे अलिबाग वीसेक किलोमीटर उरते.

एक गोष्ट मात्र घरातील मंडळींनी आधीच विचारावी. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने अनेक वृद्ध त्या दिवशी पाणी पीत नाहीत. लघवीची गोळीही गुपचूप टाळतात. संकोचापायी बोलत नाहीत. किनाऱ्यावरील दमट उन्हात पाणी कमी पडले तर भोवळ येते आणि गोळी चुकल्यास हृदयरुग्णाला धाप लागू शकते. गोळीची वेळ मागेपुढे करता येईल का, पाणी किती प्यावे, हे डॉक्टरांना विचारून घ्या. थांबे त्यानुसार ठरवा.

कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते. परंतु ओली वाळू आणि निसरडे दगड दुखऱ्या गुडघ्यांना मानवत नाहीत. त्यात भरतीपूर्वी परतण्याची घाई. किनाऱ्यावर बसूनही किल्ला डोळे भरून दिसतो. (आजोबांना तो सर करायला लावण्याची नातवंडांची हौस आवरावी!) १७२९ साली निवर्तलेल्या कान्होजी आंग्रे यांची समाधी गावातच आहे, तिथे निवांत जावे.

दुपारी जेवून तासभर आडवे व्हावे. परतीचे तिकीट आधीच काढून ठेवावे आणि निघण्यापूर्वी बोटीची फेरी रद्द झालेली नाही ना, याची खातरजमा करावी.