दुष्काळ सोसणारे झाड ओळखायचे कुणी?

केंद्रीय कृषी मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा सूचना-हरकतींसाठी खुला केला. १९६६ च्या बियाणे कायद्याची जागा घेऊ पाहणारा हा पहिला मसुदा नव्हे. २००४ चे विधेयक वर्षानुवर्षे रेंगाळले आणि २०१९ चा मसुदाही तडीस गेला नाही. या खेपेस चर्चेचा रोख दंडाच्या रकमेवर, परवान्यांवर आणि शेतकऱ्याने घरचे बियाणे राखण्याच्या हक्कावर राहिला. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण वाणाची नोंदणी होण्यापूर्वी त्याचे 'लागवडमूल्य' तपासले जावे, अशी जी तरतूद मसुद्यात आहे, तिच्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. कोरडवाहू कापसाच्या बाबतीत या एका शब्दावर बरेच काही अवलंबून आहे. पाऊस पंचवीस दिवस दडी मारून बसला तर कोणते झाड बोंडे राखील आणि कोणते पाते गाळून मोकळे होईल, हे बियाणे विकण्यापूर्वी कुणी, कुठे आणि कोणत्या मापाने ठरवायचे, हा तो प्रश्न आहे.

कापसाखालील क्षेत्रात भारत जगात पहिला आहे. हेक्टरी उत्पादनात मात्र बराच मागे. देशाची सरासरी हेक्टरी साडेचारशे किलो रुईच्या आसपास घुटमळते आणि जागतिक सरासरी तिच्या दीडपटीहून अधिक आहे. या क्षेत्राचा सुमारे दोन तृतीयांश भाग पावसावर विसंबून असून महाराष्ट्रात हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर जाते. २०१३-१४ मध्ये देशात ३९८ लाख गाठींचे पीक आले होते. अलीकडच्या हंगामांत आकडा तीनशे लाखांच्या आगेमागे आला. २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्राने कापूस उत्पादकतेसाठी पाच वर्षांचे अभियान जाहीर केले आणि त्यात अतिरिक्त लांब धाग्याच्या कापसावर भर दिला. तो कापूस मुख्यतः खात्रीच्या पाण्यावर चांगला येतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयात कापसावरील ११ टक्के शुल्क स्थगित झाले आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली गेली. गिरण्यांना धागा हवा आहे आणि तो कुठून येतो याची त्यांना फिकीर नाही, हे समजण्याजोगे आहे. पण कोरडवाहू कापसाच्या उत्पादकतेचा प्रश्न लांब धाग्याने सुटत नाही.

अवर्षणसहिष्णुता हा शब्द सरकारी टिपणांत बीटीच्या धर्तीवर वापरला जातो, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली तेव्हा प्रश्न सरळ होता. एक जनुक, त्यातून तयार होणारे एक प्रथिन, आणि ते पानात आहे की नाही हे काही मिनिटांत सांगणारी चाचणीपट्टी; नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने असे संच तयारही केले. दुष्काळाची पट्टी नसते. मुळांची खोली, पर्णरंध्रे मिटण्याची वेळ, पेशींतील क्षारांची व शर्करांची तीव्रता, फुलोऱ्याचा काळ, गळालेल्या पात्यांच्या जागी पुन्हा बहर धरण्याची ताकद असे अनेक गुण, अनेक जनुकांच्या अधीन राहून, एकत्र काम करतात. एका जनुकाने हे साधता येईल का, याचा प्रयत्न अमेरिकेत मक्यावर झाला. २०११ मध्ये तिथे असा मका मान्य झाला, पण त्याचा लाभ माफक आणि परिस्थितीनुरूप ठरला.

कापसातील ओळख किती फसवी असू शकते, हे टेक्सासमधील लबक येथील एका पद्धतीवरून नीट कळते. लबकच्या भोवतालचे पठार हा अमेरिकेचा मोठा कापूसपट्टा असून ज्या भूजलावर तो पोसला गेला ते झपाट्याने खालावत आहे. तेथील अमेरिकी कृषी संशोधन सेवेच्या केंद्रात जॉन बर्क यांनी तयार केलेली आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी वरकरणी अगदी साधी आहे. पहाटे शेतातल्या झाडांच्या पूर्ण वाढलेल्या पानांच्या छोट्या चकत्या कापायच्या, त्या अंधारात उष्ण तापमानात ठेवायच्या आणि हरितद्रव्यातून परतणारा मंद प्रकाश ठरावीक वेळाने मोजत राहायचे. तो प्रकाश ढासळू लागला की पेशी मरू लागल्या, असे समजायचे. अपेक्षा अशी असते की जी चकती जास्त वेळ तग धरील तिचे झाड कणखर. प्रत्यक्षात अर्थ उलट निघतो. झाडाला पुरेसे पाणी असेल तर दिवसा पानात तयार झालेली साखर रात्री बोंडांकडे, शेंड्याकडे, मुळांकडे रवाना होते आणि पहाटे पान जवळजवळ रिकामे असते; अशी चकती उष्णतेत लवकर मरते. तहानलेल्या झाडाची वाढ थांबलेली असते, साखरेला गिऱ्हाईक उरत नाही, ती पानातच साठते आणि ते पान जास्त काळ जगते. थोडक्यात, प्रयोगशाळेत टिकणारे पान हे शेतात आधीच थबकलेल्या झाडाचे असू शकते. एकाच कोरड्या शेतात शेजारी लावलेल्या वाणांपैकी ज्याचे पान पहाटे रिकामे सापडते, ते अजून बोंडे पोसत आहे, असा याचा अर्थ होतो. नुसते मृत्यूचे घड्याळ पाहून निकाल देणाऱ्याने नेमका चुकीचा वाण निवडला असता.

जगून राहणे आणि पीक देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे इस्रायल आणि अमेरिकेतील जॉर्जिया येथील संशोधकांच्या २००१ च्या अभ्यासातही दिसले होते. पाणी निम्म्याने उत्पादन घटेल इतके तोडून त्यांनी कापसाचे वंश तपासले. दुष्काळाशी जोडल्या जाणाऱ्या अनेक गुणधर्मांपैकी उत्पादनाशी स्पष्ट नाते सापडले ते फक्त एकाचे: पेशींतील द्रावणाची तीव्रता वाढवून पाणी ओढून धरण्याच्या क्षमतेचे. पानांचे तापमान उष्णता-कॅमेऱ्याने टिपणे, कार्बनच्या समस्थानिकांवरून पाण्याच्या वापराची काटकसर काढणे, तोडलेल्या पानातून किती पाणी उडते ते तोलणे, या साऱ्या पद्धती उपयुक्त आहेत. पण त्यांतली एकही एकट्याने प्रमाणपत्र देण्याजोगी नाही.

विदर्भ-मराठवाड्यात दुष्काळही एक नसतो. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट २०२३ चा ठरला. असा खंड ऐन पाते लागण्याच्या वेळी पडतो आणि हलक्या, मुरमाड जमिनीत पंधरवड्यातच झाड माना टाकते. दुसरा दुष्काळ दरवर्षीचा आणि म्हणून बातमीत न येणारा. ऑक्टोबरमध्ये पाऊस परततो, बोंडे भरण्याची वेळ नेमकी त्यानंतर येते आणि भारी काळ्या जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर झाडाला दिवस काढावे लागतात. पहिल्या प्रसंगी हवा तो सावरून पुन्हा बहर धरणारा वाण; दुसऱ्या प्रसंगी खोल सोटमुळाचा, किंवा ओल संपण्याआधीच काम उरकणारा. हा शेवटचा वाण शास्त्राच्या काटेकोर परिभाषेत दुष्काळ सोसत नाही, चुकवतो. शेतकऱ्याला त्या भेदाशी कर्तव्य नाही. चाचणी आखणाऱ्याला मात्र असलेच पाहिजे, कारण कुंडीत पाणी तोडून केलेल्या परीक्षेत असा वाण हमखास नापास होईल.

देशाने गेल्या अर्धशतकात निवड नेमकी उलट दिशेने केली. १९७० मध्ये सुरतेहून सी. टी. पटेल यांचा 'एच-४' हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस आला. बीटीनंतर संकरित वाणांनी नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र व्यापले. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया येथे सरळ, कमी मुदतीचे वाण दाट पेरले जातात. इथे लांब मुदतीचे संकरित वाण विरळ पेरले जातात आणि त्यांची बोंडे पाऊस संपल्यावर भरतात. नागपूरच्या संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी हे वारंवार मांडले. स्वातंत्र्याच्या वेळी जवळजवळ सर्व क्षेत्रावर असलेला देशी कापूस आता काही टक्क्यांवर आला आहे. त्याची मुळे खोल जातात, रसशोषक किडींपुढे तो बरा टिकतो, कच्छच्या क्षारपड जमिनीतही तग धरतो. त्याचा धागा आखूड असतो ही त्याची खरी मर्यादा आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही; पण त्याच्यातले गुण शोधून पुढे नेण्याचे काम खासगी कंपनी करील, ही अपेक्षा भाबडी आहे. सरळ वाणाचे बी शेतकरी घरी राखू शकतो, म्हणून त्यात दरवर्षीची विक्री नाही.

साधनांची उणीव आहे, असेही म्हणता येत नाही. दिल्लीतच, कृषी भवनापासून काही किलोमीटरवर, पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेत नानाजी देशमुख यांच्या नावाचे वनस्पती गुणमापन केंद्र २०१७ मध्ये सुरू झाले. हिंगोली जिल्ह्यातील कडोळीत जन्मलेल्या नानाजींचे नाव तिथे आहे, हे दिल्लीकर मराठी माणसाला ठाऊक असते. आत कुंड्या फिरत्या पट्ट्यावरून कॅमेऱ्यांपुढे जातात आणि प्रत्येकीला तोलून पाणी दिले जाते, हे कमी जणांना ठाऊक असते. बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था २००९ पासून आहे. नागपुरात कापसाचे हजारो नमुने जतन केलेले आहेत. तरी कुंडीतल्या कापसाला सोटमूळ मनासारखे खाली नेता येत नाही, आणि यवतमाळच्या काळ्या मातीत ते भेगांमधून कुठवर जाते हे पुशाच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. चाळणी लावण्यासाठी दिल्लीचे यंत्र उत्तम आहे. अंतिम निकाल देण्याचा अधिकार मात्र शेताकडेच असला पाहिजे.

कायद्याचा मुद्दा इथे येतो. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९(२) नुसार नोंदणीकृत वाणाच्या पैदासकाराने 'दिलेल्या परिस्थितीत' अपेक्षित कामगिरी शेतकऱ्याला सांगणे बंधनकारक आहे. ती न मिळाल्यास शेतकरी भरपाई मागू शकतो. कागदावर ही तरतूद भक्कम आहे. पण परिस्थिती म्हणजे कोणती जमीन, किती दिवसांचा खंड, पिकाच्या कोणत्या अवस्थेत, हे कुठेच लिहिलेले नसेल तर दावा उभा राहायचा कशाच्या आधारावर? १९६६ च्या कायद्याखालील खूणचिठ्ठी उगवणक्षमता आणि शुद्धता सांगते. पावसाने दगा दिल्यावर काय होईल याविषयी ती गप्प असते. बीटी बियाण्याची कमाल किंमत केंद्र सरकार २०१५ च्या आदेशान्वये ठरवते, त्यामुळे चांगल्या-वाईट वाणात किमतीचा फरकही उरत नाही आणि निवड जाहिरातीतल्या छायाचित्रावर होते.

उद्योगाचा आक्षेप असा की निसर्गाची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि अशा तपासण्यांनी नवे वाण बाजारात यायला वर्षे लागतील. पहिला भाग बरोबर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात उलटेच झाले, अतिवृष्टीने उभा कापूस पाण्यात गेला. पण इथे मागणी हमीची नसून मोजमापाची आहे. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात कोरडवाहू चाचण्या आजही होतात. त्यांत प्रत्येक ठिकाणची जमिनीची खोली, पावसाच्या खंडाचे दिवस आणि त्या वेळची पिकाची अवस्था नोंदवावी; हलक्या आणि भारी जमिनीचे निकाल सरासरीत न मिसळता वेगळे छापावेत; कमी मुदतीचे सरळ वाण आणि देशी वाण तुलनेसाठी शेजारी असावेत. यासाठी नवी संस्था किंवा मोठा निधी लागत नाही. वेळेचा आक्षेपही मग फारसा उरत नाही, कारण चाचणीची वर्षे तीच राहतात, फक्त वहीतले रकाने वाढतात.

विधेयक कोणत्याही रूपात संमत झाले तरी लागवडमूल्याचे निकष मूळ कायद्यात येणार नाहीत. ते नियमांत आणि त्याखालच्या परिशिष्टांत लिहिले जातील. ते लिहिणारे मेज कृषी भवनात आहे, आणि कोरडवाहू चाचण्यांच्या वह्या अकोला, परभणी, नांदेड व नागपूर येथे.